नाव लिहून घेण्यापूर्वी

बेळगाव

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत तू रुजू झालीस हे वाचून आनंद झाला, आणि पहिल्याच पत्रात तू गैरसोयींचा पाढा न वाचता मुलांच्या नावांबद्दल लिहिलेस, याचा त्याहून जास्त झाला. पहिलीच्या एकोणीस मुलांत रियांश, शिवांश, देवांश आणि दिव्यांश असे चार ‘अंश’ आहेत आणि मागच्या बाकावरून एकाला हाक मारली की चौघेही उठतात, हे वाचून मला एकट्यालाच बराच वेळ हसू येत राहिले. पण त्याच हजेरीपटावरचे ‘तिप्पाण्णा’ हे नाव तू पुकारलेस तेव्हा वर्ग हसला आणि तुलाही हसू आवरले नाही, हेही तू प्रामाणिकपणे कळवले आहेस. म्हणून मीही तितक्याच प्रामाणिकपणे लिहितो, की ते बरे झाले नाही. मी रागावलेलो नाही. तुला ते नाव कोणी उलगडून सांगितले नसणार, एवढेच.

कन्नडात तिप्पे म्हणजे उकिरडा. आपल्याकडे ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम असे ठेवत की दृष्ट लावणाऱ्यालाही त्याच्याकडे पाहावेसे वाटू नये. मराठीत उकिर्डा, केरोबा, कचरू, भिकू, धोंडू, दगडू, तर कन्नडात तिप्पाण्णा, तिप्पव्वा, गुंडाप्पा, कल्लाप्पा. गुंडू म्हणजे गोटा आणि कल्लू म्हणजे दगड. भाषा दोन, पण दगड एकाच माळावरचे. काही घरांत तान्हे मूल सुपात घालून शेजारणीच्या पदरात टाकत आणि पसाभर धान्य मोजून तिच्याकडून परत ‘विकत’ घेत, म्हणजे ते मूल आपले नव्हेच असा सटवाईचा समज व्हावा. देवीचा रोग आणि त्याची लस यांच्यामध्ये शंभर वर्षांपूर्वी किती अंतर होते, याचा विचार केलास तर या नावांमागची भीती तुझ्या लक्षात येईल. तुझ्या वर्गातल्या तिप्पाण्णाचे नाव बहुधा त्याच्या आजोबांचे किंवा पणजोबांचे असेल. ते पणजोबा जगले म्हणून हा मुलगा आज तुझ्या वर्गात बसला आहे, आणि त्या घराच्या लेखी ते जगण्यात त्या नावाचा वाटा आहे.

मुलींच्या बाबतीत मात्र असे प्रत्येक नाव मायेपोटी ठेवलेले नसे. कन्नडात साकु म्हणजे पुरे. ओळीने मुली झाल्यावर शेवटचीला साकव्वा म्हणणारी घरे मी पाहिली आहेत, आणि घाटावर तिलाच नकुशा म्हणत. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात नकुशा नावाच्या २८५ मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली होती. म्हणून जुने ते सगळे जपावे असे मी तुला सांगणार नाही. तिप्पाण्णा आणि साकव्वा ऐकायला एकाच जातकुळीची नावे वाटतात, पण एकाला जगवण्यासाठी नाव ठेवले आणि दुसरीला ती नको होती हे सांगण्यासाठी. तुझ्या वर्गात उद्या एखादी साकव्वा आली आणि तिला ते नाव बोचते असे तुला दिसले, तर तिच्या आईशी एकांतात बोल. हजेरीच्या वेळी चारचौघांत तो विषय काढू नकोस.

आता तुझ्या चार अंशांकडे वळतो. मी १९७९ साली नोकरीला लागलो आणि २०१३ साली निवृत्त झालो, आणि त्या चौतीस वर्षांत माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी, की फॅशन नावाची नसते, नावाच्या शेपटाची असते. मी लागलो तेव्हा मुलींच्या रांगेत सुनीता, अनिता, संगीता, कविता, सविता अशी सगळी ‘ता’ची पंगत बसलेली असे, आणि त्यांच्या आयांची नावे मालन, सुमन, शालन, कुसुम. नव्वदीनंतर ‘श’ आणि ‘क्षय’ आले, मग ओंकार, शुभम, अथर्व, वेदांत, आणि आता अंश आणि अन्वी. प्रत्येक आईबापाला आपल्या मुलाचे नाव गावात दुसरे कोणाचे नसावे असे मनापासून वाटत असते. परंतु कानाला गोड काय लागते हे ठरवणारा कान सगळ्यांचा एकाच हवेत वाढलेला असतो, म्हणून एकमेकांना न विचारता चार घरे चार वेगळ्या नावांनी एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. शिवाय पहिलीचा वर्ग ही फॅशन सहा वर्षे उशिरा दाखवतो. सचिन तेंडुलकर १९८९ च्या नोव्हेंबरात पहिला कसोटी सामना खेळला. माझ्या पहिलीत सचिनांची खरी गर्दी झाली ती नव्वदीच्या उत्तरार्धात. ऐश्वर्या राय १९९४ साली जगत्सुंदरी झाली आणि शतक बदलता बदलता आमच्या शाळेत तीन ऐश्वर्या दाखल झाल्या. त्यांतली एक शेंबडी, एक मारकुटी आणि एक अतिशय हुशार होती. (गंमत म्हणजे खुद्द सचिनचे नाव त्याच्या वडिलांनी सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेले. म्हणजे आमच्या वर्गातल्या त्या सगळ्या सचिनांचे मूळ त्रिपुराच्या राजघराण्यातल्या एका संगीतकारापाशी जाते.)

रियांशचा अर्थ ‘सूर्याचा पहिला किरण’ असा त्याच्या आईने तुला सांगितला, आणि तू तो शब्दकोशात शोधलास. अंश हा शब्द खरा आहे; उरलेल्या ‘रि’मध्ये सूर्य कुठून उगवला हे मलाही आजवर कोणी कोशातून काढून दाखवलेले नाही. पण हे तू त्या आईला सांगायला जाऊ नकोस. नावाचा अर्थ कोशात असावा लागतो हा आपल्या मास्तरांचा हट्ट आहे. तिने त्या मुलाला सहा वर्षे रोज त्याच अर्थाने हाक मारली आहे, आणि एवढ्या वापराने रुपयाच्या नाण्यालासुद्धा झिलई येते.

मला खरे वाईट वाटते ते वेगळ्या गोष्टीचे. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीची यल्लम्मा आहे, म्हणून आपल्याकडे घरोघर परशराम, रेणुका, यल्लाप्पा, यल्लुबाई होते. याच जिल्ह्यात मंगसुळीचा खंडोबा आहे, कन्नड मुलूख त्यालाच मैलार म्हणतो, आणि म्हणून एकाच भावकीत एक खंडू, एक मल्लाप्पा आणि एक मल्हारी सुखाने नांदत असत. आमच्या पिढीतले मल्लाप्पा नोकरीसाठी शहरात गेले आणि लाजेने ‘एम.’ झाले, त्यांनी मुलांची नावे महेश आणि मनोज ठेवली, आणि आता त्या महेश-मनोजांच्या घरी पुण्यात मुलगा झाला की मोठ्या कौतुकाने त्याचे नाव मल्हार ठेवतात. आजोबाला ज्या नावाने गावंढळ ठरवले, तेच नाव शेवटचा ‘आप्पा’ तेवढा काढून टाकला की नातवाला ऐटबाज दिसते. तिप्पाण्णाचे असे काही होईल का, ते मला सांगता येत नाही. उकिरडा पुण्यात चालेल असे वाटत नाही खरे.

आता तुला मुख्य गोष्ट सांगतो, आणि ती माझ्या चुकीची आहे. मी नोकरीत नवा होतो. दाखल्याच्या दिवशी एक बाई मुलीला घेऊन आली, डोक्यावरचा पदर दातात धरून उभी राहिली आणि मुलीचे नाव विचारल्यावर म्हणाली, “लगमव्वा.” मी टाक शाईत बुडवला आणि जाड वहीत सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘लक्ष्मी’. मला वाटले, देवी तीच आहे, आपण फक्त शुद्ध केले. उलट त्या मुलीवर आपण उपकार केला अशीच माझी समजूत होती. ती सातवीपर्यंत शिकली, मग लग्न झाले, आणि तांदळाच्या ताटात अंगठीने नवऱ्याच्या घरचे नाव कोरले गेले ते सुमन. पंचवीसेक वर्षांनी तिचे वडील वारले, उताऱ्यावर वारसांची नावे लागायची वेळ आली, तेव्हा रेशनकार्डावर लगमव्वा, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लक्ष्मी आणि मतदार यादीत सुमन अशा तीन बायका कागदावर उभ्या राहिल्या. ती बाँडपेपर घेऊन माझ्या घरी आली. ‘या तिन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे’ अशा प्रतिज्ञापत्रावर तिला साक्षीदार हवा होता. मी सही केली, चहा दिला, आणि जाताना ती सहज म्हणाली, “गुरुजी, तुमीच लिवलासा न्हवं ते?” त्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते मला अजून ऐकू येते.

तेव्हा नाव लिहून घेण्यापूर्वी ते आईच्या तोंडून ऐक, आजी सोबत असेल तर आजीच्याही तोंडून ऐक, आणि मग जन्मदाखल्याशी ताडून जसेच्या तसे लिही. आपल्या भागात घरातले नाव आणि कागदावरचे नाव वेगळे असणे नेहमीचे आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवतात आणि सून सासऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही, म्हणून मारुती घरात ‘आप्पू’ होतो आणि पहिले दोन महिने ‘मारुती’ पुकारल्यावर तो मुलगा खिडकीबाहेर बघत बसतो. त्याला ऐकू कमी येते असा शेरा लिहिण्यापूर्वी एकदा ‘आप्पू’ म्हणून बघ.

दुसरी अडचण तीन लिप्यांची आहे, आणि सीमेपलीकडच्या मराठी शिक्षकांना ती ठाऊकही नसते. आपले मूल घरी देवनागरीत, सरकारी कागदावर कन्नडात आणि संगणकावर रोमन लिपीत राहते. कन्नडात शब्दाच्या शेवटचा अ पुरता उच्चारतात, म्हणून ‘राजेश’ तोडून म्हणायचा असेल तर शेवटच्या अक्षराचा पाय मोडावा लागतो. तो मोडला नाही तर बेंगळुरूचा माणूस ‘राजेशा’ म्हणेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. चाळोबातला आपला ‘च’ कन्नडात ‘चहा’तला होतो. सर्वांत जास्त घोटाळा रोमन लिपी करते. कर्नाटकात ‘त’साठी टी आणि एच ही दोन्ही अक्षरे लिहिण्याची रीत आहे, महाराष्ट्रात एकटा टी, त्यामुळे इथे लिहिलेली गीता कोल्हापूरच्या कॉलेजात ‘गीथा’ होते. शौर्यच्या पहिल्या अक्षराला ए की ओ, विराजला व्ही की डब्ल्यू, हे आईबापांनी जन्मदाखल्यावर जे ठरवले असेल तेच शाळेत चालव. तुला दुसरे अधिक बरोबर वाटले तरी चालव. चूक असेल तर ती दहावीच्या गुणपत्रिकेवर चढण्याआधी दुरुस्त करायला लाव, कारण त्यानंतरचे खेटे मी लोकांना घालताना पाहिले आहे.

गावात तू शिकलेली म्हणून नावे सुचवायलाही लोक तुझ्याकडे येतील. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते आणि मागच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. त्या बुक्क्यांच्या आत नाव ठरलेच पाहिजे अशी घाई लोक करतात, पण कायद्याला तेवढी घाई नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो. नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, आणि पुढेही पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा नियम लागू झाला असून त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुष्कळ ठिकाणी जन्मदाखलाच दाखवावा लागणार आहे, तेव्हा त्यावरचे अक्षर न् अक्षर तपासून घ्या असे त्यांना सांग. आणि पंचांगात निघालेल्या अक्षरासाठी कोणी हटून बसले, तर हस्त नक्षत्राची अक्षरे पू, ष, ण, ठ आणि आर्द्राची कू, घ, ङ, छ आहेत हे त्यांना दाखव. ‘ङ’वरून नाव काढणारा मला अजून भेटायचा आहे. आपल्या वाडवडिलांनी नावरसाचे नाव पत्रिकेत आणि हाकेचे नाव पाळण्यात अशी सोयीची वाटणी केलेली होती, तीच चालू ठेवा म्हणावे.

आपल्या गावाचेच बघ. जुन्या काळी ते वेणुग्राम होते, घरी आपण बेळगाव म्हणतो, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री ते बेळगावी आहे. एस.टी.च्या पाटीवर काहीही असो, खानापूरच्या स्टँडवर म्हातारी ‘बेळगावची गाडी गेली का’ असेच विचारते आणि कंडक्टर तिला बरोबर गाडीत बसवतो.

त्या तिप्पाण्णाच्या घरी या आठवड्यात जाऊन ये. त्याची आजी परसातून त्याला जेवायला कशी हाक मारते ते ऐक, आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरीला त्याच सुरात त्याचे नाव घे. वर्ग दोन दिवस हसेल, तिसऱ्या दिवशी हसणार नाही. आजीने नावाची काही हकीकत सांगितली तर पुढच्या पत्रात सविस्तर कळव. ते नाव मराठीत आणि कन्नडात दोन्हीकडे कसे लिहिले आहे तेही उतरवून पाठव. मोतीबिंदूचे काम झाले आहे, आता मला दोन्ही लिप्या स्वच्छ दिसतात.

तुझा,
गुरुजी