स्पीड भरपूर, तरी कॉल का अडकतो?

प्रश्न: ताई, आमच्याकडे मुलुंडला केबलवाल्याचं कनेक्शन आहे, १०० मेगाबिट डाउनलोड, २० मेगाबिट अपलोड. रात्री साडेआठला माझा दुबईच्या टीमबरोबर कॉल असतो आणि नेमका तेव्हाच घरातल्या सगळ्यांच्या फोनचा फोटो बॅकअप सुरू होतो, मग माझा आवाज तुटक तुटक आणि लेकीचा ऑनलाइन क्लास गोल गोल फिरत बसतो. पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, एरवी ८ मिलिसेकंद, तेव्हा ८०० च्या घरात. केबलवाला म्हणतो २०० चा पॅक घ्या. घेऊ का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर: आत्ताच नका घेऊ. तुम्ही पिंग बघितलात हे फार बरं केलंत, कारण ८ चे ८०० होतात यातच सगळं आलं.

तुमच्या मोडेममध्ये थोडी मेमरी असते, लाइन भरली की पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, तिथे थांबतात. बॅकअप टीसीपी या डेटा पाठवायच्या पद्धतीवर चालतो आणि टीसीपीचा स्वभाव असा की पॅकेट हरवत नाही तोवर त्याला वाटतं रस्ता मोकळा आहे, आणि तो ढकलत राहतो. समजा मोडेममध्ये २ मेगाबाइट साठतात. म्हणजे १६ मेगाबिट, आणि २० च्या अपलोडने ते रिकामं व्हायला ०.८ सेकंद लागणार. म्हणजेच तुमचे ते ८०० मिलिसेकंद! कॉलचं इवलंसं पॅकेट या सगळ्यांच्या मागे उभं. बोलताना एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बरं असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं म्हणणं आहे, त्यामुळे तुमचं काय होत असेल ते कळतंच. आणि डाउनलोड रिकामं असून क्लास का अडकतो, तर व्हिडिओ खाली येताना 'मिळालं, मिळालं' अशा पोचपावत्या वर जाव्या लागतात, त्याही त्याच गर्दीत सापडतात.

याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या इंजिनिअरने २०१० च्या सुमारास यावर आरडाओरडा सुरू केला, तोवर जास्त मेमरी म्हणजे चांगला बॉक्स असंच सगळे धरून चालले होते.

उपाय ट्रॅफिक शेपिंग. राउटरला सांगायचं की अपलोड २० नाही, १८ च समज. आता मोडेमला १८ च येतात म्हणून तिथे काही साठत नाही, रांग लागते ती तुमच्या राउटरमध्ये आणि तिथे नियम तुमचे. लालबागला नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते ना, तसं एफक्यू-कोडेल किंवा केक नावाचा प्रकार प्रत्येक कनेक्शनला आपली रांग देतो, मग कॉलवाल्याला बॅकअपवाल्यामागे ताटकळावं लागत नाही. त्यातला कोडेल हा भाग कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला. तो रांग किती लांब आहे ते मोजत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते बघतो, १०० मिलिसेकंदभर ही वाट ५ मिलिसेकंदांच्या खाली आलीच नाही की एखादं पॅकेट टाकून देतो, की पाठवणारा आपसूक हळू होतो.

ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणारा राउटर असेल तर त्यात एसक्यूएम नावाचं शेपिंगच्या सेटिंगचं पान मिळतं. केक निवडा, अपलोड १८, डाउनलोड ९०, मग मुद्दाम मोठी फाइल वर चढवा आणि पिंग बघत बसा. २०-३० च्या आत राहिला तर झालं काम. अजून उडतोय तर १७ करा, १६ करा. थोडा स्पीड सोडावा लागतो, पण घरात कोणाला पत्ताही लागत नाही.

त्याआधी मात्र लॅपटॉपला वायर लावून राउटरलाच पिंग करा. तिथेच ५०-१०० येत असतील तर भानगड लाइनची नाही, लॅपटॉपला वायफाय केल्यावरच येत असतील तर वायफायची, आपल्या बिल्डिंगांमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर तीस शेजारी एकमेकांवर ओरडत असतात, ५ वर जा. आणि जुलैत गच्चीवरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरून पॅकेट हरवत असतील तर शेपिंगने काही होत नाही, केबलवाल्यालाच बोलवा.

प्रश्न: गिरगावात छोटा एडिटिंग स्टुडिओ आहे. लाइन २०० अप-डाउन, स्पीड टेस्ट झकास, पण लंडनच्या क्लायंटला फाइल पाठवताना साडेतीन मेगाबिटच्या वर जात नाही. शेपिंग करू का?

उत्तर: इथे शेपिंगचा काही उपयोग नाही हो. स्पीड टेस्ट मुंबईतल्याच सर्व्हरशी होते, लंडन लांब आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, लंडन सरळ रेषेत ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद तर निसर्गाच्या कायद्यानेच लागणार, आणि केबल काही सरळ जात नाही, तेव्हा १४० धरा. तुमचं पाठवायचं सॉफ्टवेअर जुनं असेल आणि ६४ किलोबाइट पाठवून पोचपावतीची वाट बघत असेल, तर दर १४० मिलिसेकंदाला ६४ किलोबाइट, म्हणजे सेकंदाला पावणेचार मेगाबिट. लाइन हजाराची घेतलीत तरी तेवढेच. २०० भरायला एका वेळी साडेतीन मेगाबाइट वाटेत असायला हवेत. म्हणून सॉफ्टवेअरमधली बफर साइज, म्हणजे पोचपावतीआधी किती पाठवायचं ते, वाढवा, नाहीतर आठ फाइल एकदम सोडून बघा. आठपट झाले तर रोग हाच.

प्रश्न: राउटरमधलं क्यूओएस, म्हणजे ट्रॅफिक शेपिंगची सोय, चालू केलं आणि ३०० चा स्पीड १२० वर आला. राउटर खराब आहे का? — वाचक, बोरिवली

उत्तर: खराब नाही, दमतोय. एरवी पॅकेट हार्डवेअरच्या शॉर्टकटने जातात, शेपिंग चालू केलं की प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला हाताळावं लागतं आणि स्वस्तातल्या राउटरचा प्रोसेसर तिथेच बसतो. डाउनलोडचं शेपिंग बंद करून फक्त अपलोडचं ठेवा, बहुतेक घरांत त्रास तिथलाच असतो. तरी नाही भागलं तर नवा राउटर घेताना दुकानदाराला प्रोसेसर विचारा, अँटेना मोजू नका.