आधी डोळे बघ, मग रंग

जर्मन चित्रकार किर्शनरचं १९१५ चं 'सैनिकाच्या वेशातलं आत्मचित्र' समोर ठेव. 'लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख' हा तक्ता आधी विसर. एक्स्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे आतली भावना दाखवायला रंग-आकार मोडणाऱ्या किर्शनरसारख्या चित्रकारांच्या बाबतीत तो फारसा कामाचा नाही. रंग कुठून कुठे जातो ते बघ. गणवेशाचा निळा थेट डोळ्यांत उतरलाय, बुबुळं नाहीतच. म्हणजे सैन्याने माणूस आतून व्यापलाय, असं मी वाचतो. चेहरा पिवळट, आजारी. उजव्या हाताच्या जागी रक्ताळलेलं थोटूक; प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता! मानसिक खच्चीकरणामुळे त्याला सैन्यातून सोडलं होतं. चित्रकाराला उजवा हात गमावण्याची भीती किती, विचार कर. मागच्या नग्न मॉडेलकडे त्याची पाठ आहे. तिच्या अंगाचा रंग त्याच्या चेहऱ्याशी ताडून बघ, सावकाश.