टीव्हीला ५.१ साउंडबार (पाच चॅनेल आणि बाससाठी एक वेगळं) जोडला, पण आवाज स्टिरिओच येतो. काय करावं?

बहुतेक वेळा दोष साउंडबारचा नसतो, टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगचा असतो. ‘डिजिटल साउंड आउटपुट’ पीसीएमवर (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) असेल, तर एआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारी एचडीएमआय सोय) किंवा ऑप्टिकल केबलमधून फक्त दोनच चॅनेल बाहेर पडतात. मग मागचे स्पीकर गप्प बसतात, किंवा साउंडबार स्टिरिओच सगळीकडे पसरवतो आणि आपली फसगत होते. तिथे ‘पास-थ्रू’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ निवडा.

त्याआधी केबल बघा. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी (एआरसीची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) लिहिलंय, त्यातूनच साउंडबारच्या तसंच लिहिलेल्या पोर्टला जोडायची. शेजारच्या पोर्टला लावली तर टीव्हीचा आवाज येणारच नाही. सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांना एकमेकांना सूचना देऊ देणारी सोय) चालू हवं. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, त्यामुळे ते पटकन सापडत नाही.

ऑप्टिकलवर डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज येतो असं भासवणारा डॉल्बीचा प्रकार) नाही. स्ट्रीमिंगचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं, त्याला साधं एआरसीही पुरू शकतं. ब्लू-रेच्या ट्रूएचडीला (दर्जा न घटवता दाबलेला डॉल्बी आवाज) मात्र टीव्हीमार्फत जायचं तर दोन्हीकडे ईएआरसीच लागतं. ब्लूटूथ सराउंडसाठी विसराच.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर दोन्ही उपकरणांचे प्लग काढून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा लावा. अडकलेलं सीईसी बऱ्याचदा असंच सुटतं. मग ५.१ असलेला चित्रपट लावून साउंडबारचा डिस्प्ले किंवा अ‍ॅप बघा. तिथे अजून पीसीएमच दिसत असेल, तर स्ट्रीमिंग अ‍ॅपमधला ऑडिओ ट्रॅक तपासा. अनेकदा मूळ भाषा ५.१ असते आणि डब स्टिरिओ.