देवाने दिलेले ‘हक्क’ की ‘अधिकार’?

नेरुळहून एका ताईंनी विचारलं आहे: ‘आमच्या पॅरिशमधल्या (चर्चच्या परिसरातल्या) युवकांपुढे मला “गॉड-गिव्हन राइट्स” आणि सरकारचं काम या विषयावर मराठीत बोलायचं आहे. कुणी “ईश्वरदत्त अधिकार” सुचवतं, कुणी “देवदत्त हक्क”. यातलं बरोबर काय? हे हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही, यासाठी एखादा शब्द आहे का? आणि सरकार म्हणू की शासन?’

ताई, ‘देवदत्त’ आधी बाजूला ठेवा. ते माणसाचं नाव आहे, अर्जुनाच्या शंखाचंही आहे. ‘ईश्वरदत्त’ व्याकरणाने निर्दोष आहे, पण तो शब्द कानावर पडला की लोकांना गोड गळा आठवतो. मी सरळ ‘देवाने दिलेले’ म्हणेन. तरुण पोरांपुढे समास कशाला?

हक्क आणि अधिकार यांची आज पार सरमिसळ झाली आहे. संविधानाच्या मराठी प्रतीत ‘मूलभूत हक्क’ आहेत, आयोग ‘मानवी हक्क’ आयोग आहे, शाळाप्रवेशाला ‘शिक्षण हक्क’, राज्याचा 2015 चा कायदा ‘लोकसेवा हक्क’ अधिनियम. मात्र 2005 च्या कायद्याला आपण सगळे ‘माहितीचा अधिकार’ म्हणतो. हिंदीत दोन्हीकडे अधिकारच चालतो, त्याचा हा परिणाम असावा. बोलीने मात्र फरक जपला आहे. ज्याच्याकडे अधिकार तो अधिकारी, ज्याचा हक्क तो हक्कदार. ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात टेबलामागे बसतो तो पहिला, खिडकीपुढे रांगेत उभा असतो तो दुसरा.

अधिकार सोपवला जातो, पदासोबत येतो, पदासोबत जातो. त्याचा आणखी एक जुना अर्थ म्हणजे पात्रता. वेदांचा अधिकार कोणाला आहे नि कोणाला नाही, यावर आपल्याकडे शतकानुशतकं माणसं वेगळी काढली गेली. म्हणून तर तुकोबांना मुद्दाम सांगावं लागलं, ‘सकळांसी येथे आहे अधिकार’. ‘सकळांसी’ जोडल्याशिवाय त्या शब्दात सगळे मावत नव्हते.

हक्क अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ सत्य असाही आहे आणि ज्याचं त्याला देणं असाही. आपले ‘नाहक’ आणि ‘हकनाक’ त्याच घरातले. गावगाड्यात पाटील-कुलकर्ण्यांना पिकातून मिळणारा वाटाही हक्कच, म्हणजे शब्द काही अगदी सोवळा नाही. पण जन्माने मिळणाऱ्या गोष्टीशी तो पक्का जोडला गेला आहे. टिळकांचा ‘जन्मसिद्ध हक्क’ घ्या. तिथे अधिकार घालून वाचून बघा, धार गेलीच.

आता तुमच्या विषयाकडे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की देवापासून नाही असा अधिकार नाही. रोमी सुभेदार पिलाताला येशू सांगतो, तुझा माझ्यावर चालणारा अधिकार तुला वरून मिळालेला आहे. दोन्ही ठिकाणी मराठी बायबलमध्ये ‘अधिकार’ आहे आणि दोन्ही ठिकाणी बोलणं सत्ताधाऱ्याविषयी आहे. कुणी योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं ‘देवाची मुले होण्याचा अधिकार’ काढून दाखवील. पण तो विश्वास ठेवणाऱ्यांना दिलेला आहे. दर्जा आहे, जन्मजात वाटा नव्हे. तुम्ही ज्याविषयी बोलणार आहात ते विश्वासी-अविश्वासी सगळ्यांचं आहे, कारण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. बायबलमध्ये हक्कांची यादी सापडणार नाही, तिथे आज्ञा आहेत. ‘खून करू नको’ असं मला सांगितलं की शेजाऱ्याच्या जिवाचा हक्क आपोआप उभा राहतो.

म्हणून माझी शिफारस अशी: माणसाचे ते हक्क, सरकारचा तो अधिकार. ख्रिस्ती विचारात दोन्ही देवाकडूनच येतात, पण एक माणूसपणासोबत मिळालेलं असतं, दुसरं कामासाठी सोपवलेलं. पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये लिहिलं की माणूस राज्यसंस्थेच्या आधीचा आहे. त्याच वर्षी इकडे जोतीराव फुल्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ छापून आलं. निर्मिकाने, म्हणजे निर्माणकर्त्याने, स्त्रीपुरुषांना जन्मतः स्वतंत्र आणि सारख्या हक्कांचं केलं, हे त्यात आहे. जोतीराव चर्चचे नव्हते, मिशनच्या शाळेत मात्र शिकले होते. तुमच्या भाषणात ते जरूर यावेत.

काढून घेता न येणारे, यासाठी कोशातले ‘अविच्छेद्य’, ‘अहस्तांतरणीय’ हे शब्द आहेत. दुसरा तर सोसायटीच्या नोटिशीतला वाटतो. त्यापेक्षा ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द वापरा. भावंडं वडिलोपार्जित घरावरचा हक्क सोडतात तेव्हा दुय्यम निबंधकाकडे जाऊन ते नोंदवतात, हे घराघरात ठाऊक आहे. ज्याचं हक्कसोडपत्र होऊच शकत नाही ते हक्क, असं म्हणा. त्यात एक बारकावाही आपसूक येतो: सरकारने घ्यायचे नाहीतच, पण आपणही लिहून द्यायचे नाहीत. नेरुळच्या श्रोत्यांना सिडकोचा 60 वर्षांचा भाडेपट्टाही आठवून द्या. देणारा जिथे मुदत ठरवतो तो हक्क वेगळा, आणि हा वेगळा.

बायबलमध्ये यासाठी एक जुना, वजनदार मराठी शब्द आहे: वतन. ‘जे सौम्य ते धन्य’ यापुढचं ‘पृथ्वीचे वतन भोगतील’ तुम्हाला पाठ असेल. ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात इस्राएलचा अहाब राजा नाबोथाकडे त्याचा द्राक्षमळा मागतो. बदल्यात चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायला तयार असतो, म्हणजे आजच्या भूसंपादनापेक्षा बोली वाईट नव्हती. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. राजाचा अधिकार खरा, पण तो परमेश्वराने दिलेल्या वतनाच्या बांधापाशी थांबायला हवा होता. थांबला नाही, खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथाला दगडमार झाली, आणि एलीया संदेष्टा राजाला जाब विचारायला त्याच मळ्यात गेला. तुमचा सगळा विषय या गोष्टीत आहे. शब्द मात्र भाषणात जपून वापरा, कारण आपल्याकडची वतनं सरकारनेच रद्द केली, कुलकर्ण्यांची 1950 च्या आणि पाटीलकीची 1962 च्या कायद्याने. विशेष म्हणजे आपल्या संविधानातला मालमत्तेचा हक्कही 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून बाहेर काढला गेला.

सरकार की शासन? दोन्ही रूढ आहेत. ‘शासन’मध्ये दंड करणं हा अर्थ मुरलेला आहे, दुष्टाला शासन करणं हे सत्तेचं काम पौल आणि पेत्र दोघेही सांगतात, त्या मुद्द्यापाशी तोच शब्द घ्या. एरवी ‘सरकार’ पुरे. फक्त त्यामागे ‘मायबाप’ लावू नका, गमतीनेही नाही. प्रश्नोत्तरांत कुणीतरी ‘मग सरकारचं ऐकायचं तरी कशाला’ असं विचारणारच. त्याला बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक काढून द्या: पाचव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र यहुद्यांच्या न्यायसभेला सुनावतो की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, आणि 25 व्या अध्यायात पौल रोमी राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन कैसराकडे, म्हणजे सम्राटाकडे, दाद मागतो.