अंतराळात एवढी थंडी आणि पोकळी असताना तिथे रेणू बनतातच कसे?

प्रश्न बरोबर आहे तुमचा. लॅबमध्ये साधी रिॲक्शन करायची तरी आपण खाली बर्नर लावतो, आणि तिकडे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या, दाट म्हणतात त्या ढगातही उणे २६३ डिग्री आणि एका घन सेंटीमीटरला दहा-वीस हजार रेणू (आपल्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं), मग कोण कुणाला धडकणार असंच वाटतं. १९४१ पर्यंत सीएच, सीएन, सीएच प्लस (सी म्हणजे कार्बन, एच हायड्रोजन, एन नायट्रोजन; प्लस म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणून धन चार्ज) असे दोन-दोन अणूंचेच रेणू सापडले होते. १९६८ ला भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स टाउन्स यांच्या टीमला रेडिओ दुर्बिणीवर अमोनिया दिसला आणि मग रांगच लागली, आता ३०० च्या वर गेलेत.

पहिली अडचण हायड्रोजनचीच. दोन अणू नुसते धडकले तर जोडी टिकत नाही, सुटणारी एनर्जी घ्यायला तिसरं कोणी नसतं ना. मग धुळीचा बारीक कण लागतो, अणू त्यावर चिकटतात, भेटतात, उष्णता कण घेतो आणि एच-टू, म्हणजे हायड्रोजनची जोडी, उडून जातो.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो एच-थ्री प्लस, म्हणजे तीन हायड्रोजन आणि वर धन चार्ज. ढगाच्या आत प्रकाश पोचत नाही पण वैश्विक किरण (अंतराळातून येणारे प्रचंड वेगाचे कण) पोचतात, ते एच-टूचा इलेक्ट्रॉन उडवतात, तो एच-टू प्लस शेजारच्या एच-टूला भिडतो की झाला एच-थ्री प्लस तयार, आणि हा भेटेल त्याला प्रोटॉन देत सुटतो, हळदीकुंकवाला वाण वाटावं तसा. कार्बन मोनॉक्साइडला दिला की एचसीओ प्लस, ऑक्सिजनच्या अणूला दिला की पायरी पायरीने पाणी. बर्नर का नको, तर चार्ज असलेला कण समोरच्याला लांबूनच ओढतो आणि अशा बऱ्याच रिॲक्शन्सना सुरुवातीची चढणच, म्हणजे आधी लागणारी जादा एनर्जीच, नसते. धडका कमी होतात हे खरंय, पण ढगाकडे लाखो वर्षं असतात, घाई कुणाला आहे. हर्बस्ट आणि क्लेम्परर या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हे गणित मांडलं, खुद्द एच-थ्री प्लस अशा ढगात दिसायला मात्र १९९६ उजाडलं.

मिथेनॉलसारखे रेणू परत धुळीवरच. कणावर कार्बन मोनॉक्साइड गोठून बसतो, त्याला एकेक हायड्रोजन चिकटत जातो, इथे चढण असते पण हायड्रोजन इतका हलका की टनेलिंगने, म्हणजे चढण न चढताच तिच्यातून, आरपार जातो. पुढे जवळ तारा पेटायला लागला की कणावरचा बर्फ उडतो आणि त्यातले रेणू गॅसमध्ये येतात. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या सॅजिटेरियस बी-टू ढगात इथेनॉलही (दारूतलं अल्कोहोल) आहे, १९७५ लाच सापडलं, त्यामुळे 'अंतराळात दारू' वाल्या बातम्या अगदीच खोट्या नसतात, फक्त त्याच ढगात फॉर्मल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषही आहे हे कोणी सांगत नाही.