इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना उंचावरच्या मानवरहित विमानांत काम मिळतं का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मुलीनं विचारलंय: "कलाभवनात (आपल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. साठ हजार फुटांवरच्या मानवरहित विमानांच्या एव्हिऑनिक्समध्ये, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये, जायचंय. एरोनॉटिक्स नाही म्हणून अडेल का? आधी ड्रोन उडवायचा कोर्स करू का? घरचे म्हणतात, गावात सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाचा कारखाना आलाय, तिथेच चिकट." वयानं बरीच लहान आहेस, म्हणून सरळ अगं-तुगं करतो. मीही कलाभवनचाच. नोकरी बंगळूरला केली, आता परत बडोद्यात आहे.

कोर्सचे पैसे वाचव. त्या उंचीवर हातात दांडा धरून कोणी विमान उडवत नाही. ग्लोबल हॉक या अमेरिकी मानवरहित टेहळणी विमानाचा चालक जमिनीवर माउस-कीबोर्ड घेऊन बसलेला असतो. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, म्हणजे हुकूम जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद सहज जातो. तेवढ्यात पंख कलला तर तो विमानानंच सावरायचा. माणूस फक्त कुठे जायचं ते सांगतो. आणि संपर्क तुटला तर? किती वेळ घिरट्या घालायच्या, कुठे परतायचं, वाटेत बॅटरी कमी पडली तर कुठे उतरायचं, हे सगळं आधी ठरवून विमानात भरून ठेवावं लागतं. आमच्या निम्म्या मीटिंगा यातच जायच्या, आणि भांडणंही.

आता खरं काम. २० किलोमीटरवर हवेचा दाब साधारण ५५ हेक्टोपास्कल, जमिनीवरच्या अठराव्या हिश्शाएवढा. तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास. नवीन माणूस थंडीला घाबरतो. पण चेंबरमध्ये, म्हणजे तशी थंडी आणि कमी दाब तयार करणाऱ्या चाचणीच्या पेटीत, पहिल्यांदा बोर्ड लावतेस तेव्हा गंमत कळते. कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज बदलणाऱ्या सर्किटच्या) डोक्यावर उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या कॅप्टॉन टेपनं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, चिकटवायचं, दार लावायचं, थंडी सोडायची. सगळं छान चालतं. मग पंप सुरू करून हवा ओढायला लागलं की आकडा वर सरकतो. बाहेर उणे पन्नास आणि चिप शंभरीकडे! कारण उष्णता उचलून न्यायला हवाच उरलेली नसते. बाकावर पंख्याखाली थंड राहणारा बोर्ड तिथे तापून बंद पडतो. म्हणून हीटसिंकपेक्षा बोर्डातून चौकटीत आणि चौकटीतून विमानाच्या सांगाड्यात उष्णता कशी वाहील याचा हिशेब आधी. सूर्य माथ्यावर असताना वेगळा, मध्यरात्री वेगळा.

दुसरी गोष्ट ठिणगीची. जमिनीवर एक मिलिमीटर फटीत ठिणगी पडायला तीन हजारांहून जास्त व्होल्ट लागतात. तिथे काही शे व्होल्ट पुरतात. हवेचा दाब आणि फट यांवरून ठिणगीचं व्होल्टेज सांगणारा पाशेनचा नियम तू शिकली असशील आणि परीक्षेनंतर विसरली असशील. सव्वातीनशे व्होल्टच्या खाली हवेत ठिणगी पडत नाही, त्यामुळे २८ व्होल्टवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या खोक्यांना ही भीती नाही. मोटरची बस (वीज पुरवणारी मुख्य लाइन) उच्च व्होल्टची केली की आहे. पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) तारांमधल्या अंतरासाठी आयपीसी-२२२१ या मानकात ३,०५० मीटरच्या वरचा वेगळा रकाना आहे, तो बघ. चाचणी करताना खोलीतले दिवे घालवून चेंबरच्या काचेतून निळसर झाक दिसते का ते शोधत बसायचं. या बाबतीत बडोद्याचं नशीब चांगलं: मकरपुऱ्याला, जीआयडीसीत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन आणि आंशिक विसर्ग (इन्सुलेशनच्या आत होणाऱ्या बारीक ठिणग्या) कोळून प्यायलेली माणसं आहेत. एर्डा या विद्युत संशोधन संस्थेची उच्च व्होल्टेज प्रयोगशाळाही तिथेच. कॉलेजमार्फत एकदा बघून ये.

मग सेन्सर. जमिनीजवळ एक हेक्टोपास्कलची चूक म्हणजे साधारण आठ मीटर उंची. वीस किलोमीटरवर तीच चूक शंभराहून जास्त मीटर होते. डेटाशीटवर "अचूकता उत्तम" लिहिलेलं असतं, पण कुठल्या दाबाला? वेगाचंही तसंच. सौर विमान इतकं सावकाश उडतं की वेग मोजणाऱ्या पिटो नळीत मोजायचा दाब काही दहा पास्कल असतो. थंडीनं सेन्सर दोन-चार पास्कल सरकला तरी हिशेब बिघडतो. आणि साधा जीपीएस रिसीव्हर घेतलास तर निर्यात-निर्बंधांमुळे तो १८ किलोमीटरच्या वर गप्प बसू शकतो. जुन्या नियमात उंची आणि वेग दोन्ही होते, पण काही बनवणारे दोहोंपैकी एक ओलांडलं तरी बंद करतात. खरेदीआधी विचारायचं, लेखी.

वैश्विक किरणांमुळे मेमरीतला एखादा बिट पलटतो, न्यूट्रॉनांचा मारा साधारण याच उंचीवर सगळ्यात जास्त. चूक दुरुस्त करणारी मेमरी आणि अडकलेला प्रोसेसर पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग हवेतच. यावर फार लिहीत नाही, पुस्तकात मिळेल.

सौर विमानात वॉटचा कंजूषपणा असतो. एअरबसचं झेफिर हे सौर विमान २०२२ मध्ये ६४ दिवस हवेत राहिलं, वजन ७५ किलोच्या आत. तुझं खोकं एक वॉट जास्त खात असेल, तर बारा तासांच्या रात्रीला बारा वॉट-तास, म्हणजे नुसते बॅटरीचे सेल पन्नासेक ग्रॅम वाढले. मेकॅनिकलवाले त्या पन्नास ग्रॅमसाठी तुझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात, आणि बरोबरच असतात.

कागद पुष्कळ. विमान क्षेत्राची मानकं अशी: सॉफ्टवेअरला डीओ-१७८सी, हार्डवेअरला डीओ-२५४, वातावरणीय चाचण्यांना डीओ-१६०. पाठ करू नकोस, पण एक गरज लिहायची, ती कशी तपासणार ते लिहायचं आणि तपासल्याचा पुरावा जोडायचा, ही सवय आत्ताच लाव. बहुतेक भानगडी दोन खोक्यांच्या मधे होतात: आधी कोण जागं होतं, ग्राउंड कुठे जोडलाय, संदेश आला नाही तर जुना आकडा किती वेळ खरा धरायचा. एरोनॉटिक्सची पदवी इथे लागत नाही. उड्डाणाचं मूलभूत गणित मात्र स्वतः वाच, नाहीतर कंट्रोलवाले काय बोलतात ते कळणार नाही.

घरच्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या त्या कारखान्यात ५६ पैकी ४० सी-२९५ जुळवायची आहेत. ते माणसं नेणारं, डिझाइन ठरलेलं विमान, त्यामुळे तुला हवं ते काम तिथे नाही. पण वायरिंग हार्नेस (तारांचे जुडगे) तपासणं, तारांवरची शील्ड (बाहेरचे विद्युत अडथळे रोखणारं आवरण) कुठे बांधायची ते हातानं शिकणं, याला तोड नाही. एक-दोन वर्षं मिळाली तर घे. उंचावरच्या सौर विमानाचं काम देशात बंगळूरच्या एनएएल (नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज) मध्ये चालू आहे. २०२४ मध्ये त्यांनी छोटं रूप चल्लकेरेला उडवलं.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून क्वाडकॉप्टर नको, ते सगळेच करतात. एक पाच वॉटचा कन्व्हर्टर घे, कमी दाबात त्याचं तापमान किती चढतं ते मोज, आणि तुझा हिशेब चुकला तर का चुकला ते लिही. सर्किट ठरलं की इथेच टाक, बघतो.