अन्याय वेगळा, अवैधता वेगळी

प्रिय,

तुझा मसुदा काल रात्री वाचला. मेहनत दिसते. पण पहिली चार पानं एकाच गोष्टीवर खर्ची पडली आहेत: वडिलांनी सगळं मुलाला दिलं, मुलीला काहीच नाही, म्हणून मृत्युपत्र रद्द करा. एवढ्यावर दावा उभा राहणार नाही. आपल्या स्वकष्टार्जित मालमत्तेचं काय करायचं, हे हिंदू माणूस मृत्युपत्राने ठरवू शकतो, आणि त्यात पक्षपात करायची मुभाही आलीच. तुझ्या अशिलाचं दुःख खरं आहे, ते मन लावून ऐक. न्यायालय मात्र एवढंच विचारतं की हा कागद त्या माणसाने समजून-उमजून, स्वतःच्या मर्जीने केला का?

'वडिलांना विस्मरण होत होतं' हे तू एका ओळीत उरकलं आहेस. 1870 चा बँक्स विरुद्ध गुडफेलो हा इंग्रजी खटला मुळातून वाच. भुतं आपल्या मागे लागली आहेत आणि मेलेला एक माणूस आपल्याला छळतो, असं जॉन बँक्सला वाटायचं. तरी त्याचं मृत्युपत्र टिकलं, कारण त्या भ्रमाचा वाटणीशी संबंध नव्हता. आपण काय करतो आहोत, आपलं काय-काय आहे, आपल्यावर कुणाकुणाचा हक्क पोचतो, हे त्याला कळत होतं. आपल्या भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 मध्येही कलम 59 च्या खुलाशात हेच सूत्र आहे: एरवी वेडसर असलेला माणूसही शुद्धीवर असताना मृत्युपत्र करू शकतो. म्हणून आजाराचं नाव पुरत नाही. सही झाली त्या दिवसाचे, जमलं तर त्या तासाचे कागद मिळव. केसपेपर, औषधांचा तक्ता, गुंगीचं इंजेक्शन किती वाजता दिलं त्याची नोंद.

मग साक्षीदार. त्याच अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे किमान दोन हवेत. प्रत्येकाने मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा 'ही माझी सही' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि त्याच्यासमोर स्वतः सही केलेली असावी. दोघे एकाच वेळी हजर असायलाच हवेत असं नाही. इथे नवे वकील हमखास चुकतात. साक्षीदार हयात असेल आणि येऊ शकत असेल, तर निदान एकाला तरी पिंजऱ्यात यावंच लागतं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 68 मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 67 मध्ये आहे. उलटतपासणीत मोठे प्रश्न नकोत. कोण कुठे बसलं होतं, पेन कुणी दिलं, मजकूर वाचून कुणी दाखवला, दुसऱ्या साक्षीदाराने कधी सही केली? शिकवून आणलेला साक्षीदार अशाच बारीकसारीक गोष्टींत अडखळतो.

नोंदणी झाली आहे म्हणून घाबरू नकोस. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, आणि ती झाली म्हणून संशय आपोआप मिटत नाही. 1959 च्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भोवतीची परिस्थिती संशयास्पद असेल, तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच तो संशय दूर करायचा. ज्याला मोठा वाटा मिळाला, त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला का, हे शोध. थोरल्या मुलानेच दस्तलेखक आणला, साक्षीदारही त्याच्याच ओळखीचे, असं निघालं, तर मग मुलीला कारण न देता वगळण्याला वजन येतं. तुझी चार पानं तिथे एका परिच्छेदात कामाला येतील.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तीच तुझ्या मसुद्याच्या शेवटी मला दिसली. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका दाव्यात लिहिलं होतं: सही खोटी आहे, आणि ती दबावाखाली घेतली आहे. माझी अशील पिंजऱ्यात उभी असताना समोरच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "बाई, सही वडिलांनी केली की नाही केली?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. चूक माझी होती आणि हरली ती. त्या संध्याकाळी तिच्याशी काय बोलावं, मला सुचलं नाही. दबाव किंवा फसवणूक म्हणायची असेल, तर सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते, आणि कुणी, केव्हा, कसा दबाव आणला याचा तपशील दाव्यातच लागतो. नुसता शब्द टाकून भागत नाही.

आणि सगळ्यात आधी करायचं राहूनच गेलेलं एक काम. हे मृत्युपत्र पडलं तर तिला काय मिळेल, हे तपासलंस का? आधीचं मृत्युपत्र असेल, तर तेच पुन्हा समोर येऊ शकतं, आणि त्यातही तिला काही नसलं तर? शिवाय यातली काही मालमत्ता वडिलोपार्जित असेल, तर वडील फक्त आपल्या हिश्शाचंच मृत्युपत्र करू शकत होते. तेव्हा मृत्युपत्र खरं धरूनही तिचा स्वतःचा हिस्सा मागता येईल, भावाला खोटारडा न ठरवता.

सोमवारी तिला घेऊन ये. सातबारा, फेरफार आणि घरातली जुनी कागदपत्रांची पेटी आणायला सांग. मसुद्याला तोवर हात लावू नकोस.

तुझा,
सर